सरूअक्का आणि मड्डमचा दिवा

सरूअक्कांच्या हातात कोणतीही वस्तू दिली की त्या आधी ती घेऊन दाराबाहेर जायच्या. लुगडं असो, मेथीची जुडी असो, नाहीतर कुणाच्या लेकराचा सुजलेला डोळा असो. ओट्यावर उभं राहून उजेडात धरायचं, उलटून पालटून बघायचं आणि मग बोलायचं. बोलणंही थोडंच. पुष्कळदा एवढंच म्हणत, "जे शे ते शे," म्हणजे जे आहे ते आहे. त्यांचं माहेर शिरपूरकडचं. जळगावात सारा संसार झाला तरी बोली सुटली नव्हती, आणि ती सोडावी असं त्यांना कधी वाटलंही नसावं.

ही सवय त्यांना नानांकडून लागली होती. नाना म्हणजे त्यांचे यजमान. जळगावात एक फ्रेंच साहेब रुई खरेदी करायचा, त्याच्याकडे ते रुईचे पारखी होते. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, तंतूची लांबी बघायची, रंग बघायचा. त्या कामाची खोली उत्तरेकडून उघडी होती. नाना सांगायचे, दिव्याखाली रुई पाहू नये, उन्हातही पाहू नये. दिवा आपला रंग रुईला देतो, ऊनही देतं. उत्तरेच्या उजेडाला स्वतःचा रंग नसतो, म्हणून तो खरा. सांज झाली की कितीही मोठा व्यापारी दारात असला तरी नाना हात धुऊन घरी येत.

आणि अशा या माणसांच्या घरात साऱ्या आळीत नव्हता असा एक दिवा होता. त्याच्या उजेडात कुणीच मूळचं होतं तसं दिसत नसे.

तो दिवा आला तो असा. साहेबाची बायको, तिला सगळे मड्डम म्हणत, जळगावातच बाळंत झाली. ऐन उन्हाळा, भाषा कळेना, जवळ आई नाही. अक्कांनी तिला महिनाभर तेल लावलं, शेक दिला, डिंकाचे लाडू करून घातले. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींना सगळं कळायचं, असं अक्का म्हणत. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी साहेबाने इथला कारभार आटोपला. निघायच्या आधी अक्कांनी मड्डमची खणानारळाने ओटी भरली. ओटीची परतफेड करायची नसते हे तिला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी तिने आपल्या बसायच्या खोलीतला टांगता दिवा उतरवला, गादीत गुंडाळला आणि टांग्यातून अक्कांच्या दारात आणला. आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग दिव्यावर, आणि रडायला लागली. अक्का नको कशा म्हणणार?

दिवा म्हणजे दुधी काचेचा एक मोठा उथळ वाडगा. बाहेरून काचेतच पानं आणि फळांचे घोस उठवलेले, आत मधासारखी पिवळी झाक. तीन रेशमी दोऱ्यांनी तो छताला टांगायचा. कडेला बारीक अक्षरं होती, ती कुणाला वाचता येत नव्हती. नानांनी साहेबाला विचारून ठेवलं होतं, ते दिवा घडवणाऱ्याचं नाव होतं. तिकडे घरातल्या दिव्याचीसुद्धा कुणी आधी चित्रं काढतो, घडवतो आणि मग चित्रकारासारखं खाली नाव घालतो. आम्हा आळीतल्या बायापोरींना याचं फार नवल वाटलं. आपल्याकडे भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं, नाहीतर घरमालकाचं. घडवणाऱ्याचं नाव कोण घालतं?

मड्डमच्या बंगल्यात असे पुष्कळ दिवे होते. भिंतीवर पंख्यासारखे उघडलेले होते, खुर्चीमागे उभा होता, पलंगाशी टोपी घातल्यासारखा एक होता. जेवायचा वेगळा, वाचायचा वेगळा, आणि हा नुसता बसायचा. अक्का हात ओवाळून सांगायच्या, "बसाना न्यारा दिवा, माय." आणि कुठल्याही दिव्यात पेटलेला विजेचा गोळा डोळ्यांना दिसू द्यायचा नाही अशी त्या घरची रीत. त्यावर अक्कांचं म्हणणं असे, "दिवा लावाना आनि दपाडाना, मंग लावाना कसाले?" लावायचा आणि लपवायचा, तर लावायचाच कशाला?

पण दिवा टांगताना मात्र त्या मड्डमच्या बाजूने उभ्या राहिल्या. वायरमनने वाडगा पालथा टांगला, घंटेसारखा. सगळे दिवे असेच असतात, तोंड खाली, म्हणाला. अक्का म्हणाल्या, मी बंगल्यावर पाहिलाय, याचं तोंड वर असतं. त्याने विचारलं, मग उजेड काय छताला द्यायचा का? त्या म्हणाल्या, हो, छताला द्यायचा, छत आपल्याला देईल. तो हसत हसत पुन्हा शिडीवर चढला. सांजेला बटण दाबलं आणि आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे होतो ते गप्पच झालो. खोलीत गोळा कुठेच दिसत नव्हता आणि सगळीकडे उजेड होता, हळद घातलेल्या दुधासारखा. कुणाच्या डोळ्यांखाली काळं नाही, गालावर वण नाही. माझी आई अक्कांना म्हणाली, "अहो, तुम्ही किती तरण्या दिसताय." अक्कांनी पदर ओढून घेतला.

सांजेला त्या आधी देवाजवळ निरांजन लावत, मग तुळशीजवळ पणती, आणि मग या दिव्याचं बटण. हात जोडत ते पहिल्या दोघांनाच. आळीतली मुलं याही दिव्याला नमस्कार करायला लागली तेव्हा त्यांनी सांगितलं, हा पाहुणा आहे, याला फक्त बसा म्हणायचं. वाडग्याचं तोंड वर असल्यामुळे त्यात पाखरं पडून मरायची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी आणि दिवाळीच्या आधी त्या दिवा उतरवायच्या, मांडीवर घ्यायच्या आणि रिठ्याच्या पाण्याने धुवायच्या. पानांच्या खाचांतून बोट फिरवायच्या, लेकराच्या कानामागून फिरवावं तसं. त्यांची लेक लीला तेव्हा शाळेत जात होती. ती म्हणायची, माझी वेणी घालायला हिला वेळ नाही, आणि मड्डमच्या लेकीची अंघोळ चाललीय.

आळीत मुली दाखवायला त्या दिव्याखाली बसवायच्या, ही चाल कुणी पाडली ते सांगता येणार नाही. पहिली बहुधा सोनाराची मुलगी. तिच्या तोंडावर देवीचे वण होते. तिचं जमलं, आणि मग प्रत्येक आई अक्कांकडे यायला लागली. पाहुणे सांजेलाच बोलवायचे, आमच्या घरात जागा नाही असं सांगायचं, आणि अक्कांच्या बैठकीत पाट मांडायचा. अक्कांना ते आवडत नसे. नाना तर त्या दिवशी देवळात जाऊन बसत. पण दारात आलेल्या आईला नाही म्हणणं दोघांनाही जमलं नाही. मीही त्याच पाटावर बसले. मी रंगाने काळी. अक्कांनी माझी हनुवटी धरून तोंड थोडं वर केलं, पाट बोटभर मागे सरकवला आणि हळूच म्हणाल्या, "खाले देखू नको." मी खालीच पाहत होते. धुळ्याच्या पाहुण्यांनी होकार दिला आणि मी लग्न होऊन धुळ्याला गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत नाना गेले. साहेबानंतर ते दुसऱ्या एका पेढीवर जात; तिथून आले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं होतं. मी माहेरी आले तेव्हा अक्कांचं कपाळ मोकळं पाहिलं. त्यांनीच मला धुळ्याचं पाणी गोड लागतं का ते विचारलं.

दिव्याखाली मुली दाखवणं चालूच राहिलं. फरक एवढाच पडला की पाहुणे यायच्या आधी कुणीतरी अक्कांना सांगायचं, तुम्ही आत बसा. शुभ काम, त्यात विधवा समोर नको. अक्का बटण दाबायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीशी बसायच्या. घर त्यांचं, दिवा त्यांचा. एकदा मी त्यांच्याजवळ आत बसले होते. बाहेर हसणं चाललं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या आणि तेवढ्या अंधारातही खडा बरोबर काढत होत्या.

लीला सतरा-अठराची झाली तेव्हा तिच्या मानेवर कानाखाली पांढरा डाग उठला. चिंचोक्याएवढा. मग एक कोपरावर, आणि बोटांच्या टोकांना जरासं. रंग गव्हाळ, नाक सरळ, केस गुडघ्यापर्यंत. वैद्य झाले, डॉक्टर झाला, बावचीचं तेल झालं. डाग काही गेला नाही. कोड हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं, आणि आळीत सगळे तोच उच्चारत होते.

अक्कांना काय वाटत होतं ते मला त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांची एक मावसबहीण होती. लग्न झालं तेव्हा घरच्यांना डाग माहीत होता, त्यांनी तो लपवला. सासरी कळलं आणि तिला माहेरी आणून सोडली, एका लुगड्यानिशी. ती नंतर वीस वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली. वाढलेलं ताट तिला बाहेर ठेवत. अक्का लहान असताना ते ताट नेऊन द्यायच्या. "नवरीनी सारी जिंदगी गोठामा काढी," असं त्या म्हणाल्या.

लीलाला पाहायला धुळ्याचीच माणसं आली. मुलगा कचेरीत नोकरीला होता, सोबत आई आणि मामा. मी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होते, म्हणून सगळं पाहिलं. अक्कांचा थोरला मुलगा माधव बायकोला घेऊन भुसावळहून आला होता. तो रेल्वेत होता. त्याने सगळं ठरवून टाकलं होतं. पाहुणे सांजेला येतील, दिवा लागेल, लीला लांब बाह्यांचं पोलकं घालेल, वेणी मानेवरून पुढे घेईल, रात्री मुक्काम करतील, सकाळी साखर वाटली की झालं. अक्का म्हणाल्या, त्यांना सांगून टाकू. माधव म्हणाला, लग्न झाल्यावर सांगू. अक्का म्हणाल्या, तुझ्या नानांनी आयुष्यात दिव्याखाली रुई पाहिली नाही. तेव्हा माधव चिडला.

"आई, पोर म्हणजे रुई नव्हे," तो म्हणाला. "रुईचा एक गठ्ठा नापास झाला तर दुसरं गिऱ्हाईक येतं. हिला कोण येणार आहे?"

सांजेला अक्कांनी बटण दाबलं आणि आत जाऊन बसल्या.

लीला त्या दिवशी किती सुंदर दिसत होती ते मला लिहिता येणार नाही. दिव्याचा उजेड तिच्यावर असा पडला होता की डाग आहे हे माहीत असून मलाही तो शोधावा लागला, आणि सापडला नाही. मुलाच्या आईने रांगोळी येते का, शिवण येतं का, असं विचारलं. मुलगा काही विचारत नव्हता. उठताना मात्र त्याने मामाला काहीतरी सांगितलं आणि मामा मोठ्याने हसला, "अहो, हा म्हणतो मुलीला विचारा, धुळ्याची चिवट भाकरी चालेल का." लीलाने मान वर केली आणि म्हणाली, "दात चांगले आहेत." सगळे हसले. मुलगाही हसला. ती दोघं एकमेकांशी बोलली ती एवढंच.

सकाळी चहाची तयारी चालली होती. माधवच्या बायकोने साखरेची वाटी ताटात ठेवली. पाहुणे बैठकीत बसले होते. तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. इतकी वर्षं त्या आत बसल्या होत्या, आज न बोलावता सगळ्यांसमोर आल्या. मुलाच्या आईने नजर वळवली. अक्कांनी लीलाचा हात धरला, तिला मागच्या पडवीत नेलं. ती पडवी उत्तरेची. तिथे उभं करून तिची वेणी मागे टाकली, पोलक्याची बाही वर सरकवली, आणि मुलाच्या आईला हाक मारली.

"बाई, मन्ही पोरले आठे उजेडमा देखा. मंग साखर खावा."

ती बाई आली. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात लावून पाहिलं, लुगड्याचा डाग जातो का पाहावं तसा अंगठा घासून. लीला हलली नाही. बाईने बोटं पदराला पुसली आणि म्हणाली, "सांगितलंत हे बरं केलंत." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. चहा न घेता ती मंडळी उठली. टांगा वळेपर्यंत मुलगा मागे वळून दाराकडे पाहत होता. ते मी पाहिलं, आणि लीलानेही पाहिलं.

माधव त्याच दुपारच्या गाडीने भुसावळला गेला. पुढे तो आईशी कामापुरतंच बोलला.

लीला संध्याकाळपर्यंत पडवीत बसून होती. अक्का तिच्यासाठी भाकरी घेऊन गेल्या. मी भिंतीपलीकडे होते, म्हणून ऐकू आलं. अक्का म्हणत होत्या की तुला गोठ्यात ठेवलेलं मला पाहवलं नसतं. लीला ऐकत होती. मग म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं. त्यांना नाही. त्याला."

भाकरीचं ताट तसंच आत गेलं.

त्या दिवसापासून अक्कांनी दिवा लावणं सोडलं. आळीनेही मुली आणणं सोडलं. त्या बाईने दिव्याची गोष्ट चारचौघांत बोलून दाखवली तर ती कुठल्या कुठल्या मुलींच्या सासरी जाईल, ही सगळ्यांना भीती. बैठकीत साधा गोळा लागला. त्याच्या उजेडात सगळ्यांच्या डोळ्यांखालचं काळं दिसायला लागलं. अक्का फार बदलल्या नाहीत. पण आता वस्तू हातात दिली की त्या दाराबाहेर नेत नसत. आहे तिथेच बघत आणि "चांगली शे" म्हणून परत देत. जे शे ते शे, हे मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

लीलाने मास्तरणीचं शिक्षण घेतलं. नोकरी लागली तीही धुळ्यालाच. जाताना तिने दिवा मागितला. अक्कांनी तो उतरवला, धुतला, गोधडीत बांधून दिला. का मागतेस असं विचारलं नाही. मी एकदा सांजेला लीलाच्या खोलीवर गेले. खोली लहान, छत पत्र्याचं, त्यावर तिने पांढरं कापड ताणून लावलं होतं, उजेड परतावा म्हणून. त्याखाली ती मुलांच्या वह्या तपासत बसली होती. डाग आता गालापर्यंत आले होते, पण त्या उजेडात ती सतराची दिसत होती. मी पाहतेय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "शाळेतून आले की एवढा वेळ मी माझी असते." मला चहा करून दिला. आईचं काही विचारलं नाही. निघताना मात्र म्हणाली, तिचे गुडघे कसे आहेत?

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते एका आखाजीला. मी माहेरी आले होते, लीलाही दोन दिवसांसाठी आली होती. आळीत झाडांना झोके बांधले होते, मुली गाणी म्हणत होत्या. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं, माझ्या मुलाची चौकशी केली. मग झोक्याकडे पाहत म्हणाल्या, इंदू, एक विचारू का? तुले दिवाखाले देखं त्यासनी. सकाळी जवय देखं, तवय काही बोलनात का?

सासूबाई बोलल्या होत्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला पाहून सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या होत्या, आम्हाला रात्री गोरी दाखवली, सकाळी काळी निघाली. वर्षभर म्हणत होत्या. पुढे पोर झालं, त्यांचं आजारपण झालं, आणि म्हणणं कमी होत गेलं. आता त्यांना माझ्या हातचंच जेवण लागतं. अक्का माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांच्यासमोर खोटं बोलणं मला जमलं नाही.

"सासूबाई बोलल्या, अक्का," मी म्हटलं. "पण नांदवलं."

त्यांनी मान हलवली. मग अगदी हळू, मला नव्हे, समोरच्या रस्त्याला सांगावं तसं म्हणाल्या, "मंग तिलेबी नांदाडं असतं त्यासनी."

मी सांगू लागले की काळा रंग वेगळा आणि डाग वेगळा, तुम्ही केलं ते योग्य केलं, तुमच्या मावसबहिणीचं झालं तसं झालं असतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

दुपारी लीलाची गाडी होती. मीही तिला पोचवायला एसटी स्टँडवर गेले. वैशाखाचं ऊन. लीलाला ऊन सोसत नसे, डागांवर आग व्हायची. ती पुढे झपझप चालत होती, हातात पिशवी, कुणाकडे न पाहता. अक्का अर्धं पाऊल मागे, हात लांब करून तिच्यावर छत्री धरून. गुडघे दुखत होते तरी तिच्या चालीने चालत होत्या. लीला वळली की छत्री वळायची.

गाडी लागली. लीला चढली, खिडकीशी बसली. काहीतरी बोलायचं म्हणून अक्कांनी पाण्याचा तांब्या घेतलास का विचारलं. तिने हो म्हटलं. मग जरा थांबून ती म्हणाली, "आई, तू सावलीत जा." गाडी सुटली, धूळ उठली, आणि धूळ खाली बसेपर्यंत गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लागली होती.

मी वळून पाहिलं. अक्का तिथेच उभ्या होत्या. हात लांब केलेला तसाच होता, आणि छत्री त्यांनी अजून पुढे धरली होती, जिथे लीला चढताना उभी होती तिथे. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर ऊन होतं.